एक ते दोनमधली बचत

नको तिथे नाक खुपसण्याचा मला पगार मिळतो. थट्टा नाही, खरंच सांगते. संरक्षण खात्याने तीन वर्षांपूर्वी एकशे बारा सुधारणा केल्या आणि प्रत्येक सुधारणेपुढे एक आकडा लिहिला, एवढे पैसे वाचतील म्हणून. ते वाचले का, आणि वाचले असतील तर अजून वाचताहेत का, हे जाऊन बघणं माझं काम. कक्षात आम्ही दोघंच, मी आणि साहेब. साहेब वरच्यांना उत्तरं देतात, मी खालच्यांना प्रश्न विचारते. आम्हा दोघांनाही कुणी चहा विचारत नाही.

तीन वर्षं बचत टिकली की मी फॉर्मवर सही करायची. त्याला आमच्याकडे 'पक्की बचत' म्हणतात. एकदा पक्की झाली की जे काढून टाकलं ते कायमचं गेलं, पुन्हा मागायची सोय नाही. म्हणून सहीच्या बाबतीत मी महाकंजूष. मागे एका डेपोने विजेचं बिल निम्म्यावर आणलं म्हणून शाबासकी मिळवली होती. जाऊन बघते तर काय, यांचे अर्धे दिवे शेजारच्या डेपोच्या मीटरवर चालत होते. तेव्हापासून आकडा जितका गोंडस, तितकी मी जास्त जवळ जाऊन बघते.

तर त्या महिन्यात सत्तेचाळीस नंबरची सुधारणा माझ्या टेबलावर आली. पॅराशूटच्या घड्या घालायचा हॉल. पूर्वी तिथे घडीवाला घडी घालायचा आणि मग दोन तपासनीस ती वेगवेगळी बघायचे. सुधारणेत दुसरा तपासनीस काढला. वाचला किती, तर एका माणसाचा पगार. चणे-फुटाणे! पण हा हॉल नमुना होता. इथे जमलं की तोच हुकूम उरलेल्या सात मोठ्या हॉलांत जाणार होता आणि तिथली चाळीसेक माणसं कमी होणार होती. अडलं होतं फक्त माझ्या सहीवाचून.

"करा की सही," साहेब म्हणाले. "चुकांचा तक्ता बघितलात ना? सुधारणेआधी हजार घड्यांमागे नऊ चुका पकडल्या जायच्या, आताही नऊच. काम बिघडलं नाही, पैसे वाचले. आणखी काय पाहिजे?"

"साहेब, तिथेच तर घोडं अडलंय. पूर्वीच्या नऊपैकी सात पहिला पकडायचा आणि त्याच्या नजरेतून सुटलेल्या दोन दुसरा. दोन चाळण्यांतून मिळून नऊ खडे निघत होते. आता एक चाळण फेकून दिली, तरी नऊच?"

"पहिला हुशार झाला असेल."

"एका रात्रीत? आणि नेमका दोन खड्यांनी?"

साहेबांनी कपाळाला हात लावला. माझा प्रश्न बरोबर असला की ते असंच करतात. म्हणाले, "पुढच्या महिन्यात बैठक आहे. काय नाक खुपसायचंय ते त्याच्या आत खुपसा."

कुठंतरी पाणी मुरत होतं, पण कुठं ते कळेना. कळलं ते घरात, अगदी अवचित. सहा महिन्यांपूर्वी मी इस्त्रीवाल्याकडे कपडे देणं बंद केलं होतं. सरळ फर्मान काढलं, झटकून वाळत घाला, तसेच वापरा. पैसे वाचले आणि कपडेही बरे दिसत होते. मी नवऱ्याला ऐकवलंसुद्धा, बघा, उगाच खर्च होत होता म्हणून. त्या आठवड्यात एके दिवशी दुपारीच घरी आले तर सासूबाई टेबलावर चादर अंथरून नवऱ्याच्या सदऱ्यांना इस्त्री करत उभ्या. गुडघे धरलेले, घाम आलेला.

"आई, हे काय?"

"काय म्हणजे? माझा मुलगा चुरगळलेला सदरा घालून कामावर गेलेला मला नाही बघवत. तू हिशेब कर, मी इस्त्री करते."

"रोज?"

"तू आज पहिल्यांदाच दुपारची आलीस."

मी ओशाळले. आयजीच्या जिवावर बायजी उदार, आणि ती बायजी मीच. पण दुसऱ्याच क्षणी माझ्या डोक्यात तो हॉल आला. काम वाईट झालेलं ज्याला बघवत नाही असं कुणीतरी तिथेही असणार. दुसऱ्या दिवशी सकाळी मी गाडीत बसले.

हॉल गावाबाहेर, धावपट्टीच्या कडेला. आत जाताना बूट काढून कापडी मोजे चढवायचे आणि खिशातलं सगळं बाहेर एका डब्यात ठेवायचं, पेनसुद्धा. आत लांबच लांब सहा टेबलं, हात फिरवला तर कुठे कुसळ लागणार नाही अशी. त्यांवर पसरलेलं कापड, आणि ते सरकू नये म्हणून ठेवलेल्या शिशाच्या छोट्या पिशव्या. भिंतीवर एक फळा, त्यावर प्रत्येक अवजाराची आकृती रंगवलेली. संध्याकाळी एकही जागा रिकामी दिसली तर कुणी घरी जात नाही, कारण ते अवजार एखाद्या घडीत राहिलेलं असू शकतं. मला हे फार आवडलं. आमच्या ऑफिसात स्टेपलर तीन-तीन महिने बेपत्ता असतो.

दहा घडीवाले आणि त्यांच्या प्रमुख, एवढीच माणसं. प्रमुखांना सगळे मोठ्या ताई म्हणत, जरी त्या हॉलमध्ये सगळ्यांत बुटक्या होत्या. पन्नाशी उलटलेली, चष्मा दोरीने गळ्यात, सव्वीस वर्षं याच हॉलात. दुसऱ्या तपासनिसाची बदली झाल्यापासून तपासणी त्या एकट्या करत होत्या. प्रत्येक कार्डावर घडीवाल्याच्या सहीखाली त्यांची सही असायची, मग सील.

"ताई, नऊ कसे?" मी सरळच विचारलं.

"नऊ काय?"

"चुका. पूर्वी दोघं मिळून हजारात नऊ पकडत होतात. आता एकट्याच नऊ पकडता."

"लक्ष देऊन काम करते."

"पूर्वी देत नव्हता?"

त्यांनी चष्मा डोळ्यांवर चढवला आणि मला नीट न्याहाळलं. पलीकडच्या टेबलावरून एक ताडमाड माणूस म्हणाला, "मॅडम, सरकारने ताईंना दुर्बीण बसवलीय. तिचा खर्च धरलात का?" त्याला लांबू म्हणतात हे मला लगेच कळलं, कारण ताई "लांबू, काम!" एवढंच म्हणाल्या आणि तो पुन्हा कापडावर वाकला. सगळे हसले, ताई हसल्या नाहीत. दोन तास मी हिंडले, विचारलं, कार्डं चाळली. कुणी ताकास तूर लागू देईना.

एक वाजता घंटा झाली तशी मी कॅन्टीनमध्ये गेले. कॅन्टीनवाला बोलका निघाला, म्हणजे दुखावलेला निघाला.

"हॉलची माणसं? ती कुठली यायला! पूर्वी त्या खिडकीजवळच्या बाकावर बारा जण बसायचे. डबे आणायचे, पण माझ्याकडचं काहीतरी घ्यायचेच. तीन वर्षं झाली, एकाने तोंड दाखवलं नाही. माझं काही चुकलं असेल तर सांगा ना तोंडावर!"

"तीन वर्षं? नक्की?"

"मॅडम, बारा गिऱ्हाइकं गेली की माणूस तारीख विसरत नाही."

मी ताट तसंच ठेवून उठले. हॉलच्या बाहेर, बुटांच्या फळीवर, अकरा डबे ओळीने ठेवलेले होते. सगळ्यांची झाकणं घट्ट लावलेली. दाराच्या काचेतून बघितलं. आत दोघं-दोघं मिळून दुसऱ्याने घातलेली घडी बघत होते. पॅराशूटच्या पिशवीचं झाकण उघडं, एकाची बोटं दोऱ्यांवरून चालली होती, दुसरा ओठांतल्या ओठांत मोजत होता. अठ्ठावीस दोऱ्या. मग पुढची घडी. आवाज कसलाही नाही. मी दार उघडलं तशी सगळी बोटं जागच्या जागी थांबली.

"मॅडम, बाहेर बोलू," मोठ्या ताई म्हणाल्या.

बाहेर आल्यावर त्यांनी काही लपवलं नाही. सकाळच्या घड्या त्या तपासून सही करत, पण सील लावत नसत. एक ते दोन सगळे एकमेकांच्या घड्या बघत, मग सील. दुपारच्या घड्यांना दुसऱ्या दिवशी एक वाजेपर्यंत थांबावं लागे. डबा दोनला दहा कमी असताना, उभ्याउभ्या.

"आणि त्यात चूक सापडली तर?"

"कार्डावर लिहितो. चूक ती चूक. लपवायची कशी?"

हसावं की रडावं मला कळेना. ही माणसं काम चोरून करत होती आणि त्याची नोंद मात्र चोख ठेवत होती! ती नोंद केली नसती तर आकडा नवावरून सातावर आला असता आणि ही बचत पहिल्याच वर्षी कोसळली असती. यांच्या प्रामाणिकपणानेच यांच्या दुसऱ्या तपासनिसाची खुर्ची खाल्ली होती. मी चिडून विचारलं, "वर कळवलं का नाहीत?"

"दोनदा लिहिलं. उत्तर आलं की चुकांच्या तक्त्यात फरक दिसत नाही. दिसणार कसा, आम्ही पहिल्या दिवसापासून जेवण सोडलं होतं." त्यांनी आवाज खाली आणला. "आता तुम्ही लिहाल. सही झालेल्या घडीला परवानगीशिवाय दुसऱ्याने हात लावला, एवढं एक कलम आम्हाला पुरे आहे. वरून हुकूम येईल, हेही बंद करा. नाही लिहिलंत तर निदान हे चालू राहील."

"किती दिवस? चार जण पुढच्या वर्षी निवृत्त होताहेत. मी यादी बघितलीय."

"नव्यांना शिकवू."

"काय, उपाशी राहायला?"

मग मी त्यांना ती गोष्ट सांगितली, जी त्यांना कुणी सांगितली नव्हती. हा हॉल नमुना आहे. माझी सही झाली की सात हॉलांतले दुसरे तपासनीस जाणार, तेही तुमच्या या नवाच्या जोरावर.

"सात?" त्या म्हणाल्या. "सातही?"

"तिथे कोण जेवण सोडतं, ताई?"

त्यांनी भिंतीला हात टेकला. तीन वर्षं त्यांनी आपला हॉल सांभाळला होता, आणि त्याच सांभाळण्याने बाकीचे सात उघडे पडणार होते. हे त्यांच्या चेहऱ्यावर उतरताना मी बघितलं आणि मला अगदी वाईट वाटलं. पण वाईट वाटून फॉर्म भरत नाही. मी म्हणाले, "पंधरा दिवस जेवा."

"म्हणजे?"

"एक ते दोन कॅन्टीनमध्ये बसायचं. घडी, तुमची तपासणी, लगेच सील. सुधारणेत लिहिलंय तसंच."

"आणि त्या घड्या कुणाच्या पाठीवर जाणार?" त्यांचा आवाज एकदम चढला.

"कुणाच्याच नाही. सगळ्या जाळीच्या खोलीत, कुलूप लावून. किल्ली माझ्याकडे. पंधरा दिवसांनी एकेक उघडून बघायची. तुमच्या नजरेतून काही सुटलेलं सापडलं, तर बचत खोटी. नाही सापडलं, तर मी सही करीन."

"ही माझी परीक्षा झाली."

खरं सांगते, तोपर्यंत हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. तपासणी त्या एकट्या करणार होत्या, तेव्हा काही निसटलं तर ते फक्त त्यांच्याच हातून निसटणार होतं. सव्वीस वर्षांचं नाव त्या पणाला लावणार होत्या, आणि तेही आपली चूक सापडावी म्हणून.

"मी डोळ्यांत तेल घालून बघेन," त्या म्हणाल्या. "मुद्दाम एकही सोडणार नाही, आत्ताच सांगून ठेवते."

"सोडायची नाहीच."

साहेबांनी आधी आरडाओरडा केला, पंधरा दिवस माल अडकवणार म्हणून. मी म्हटलं, हातच्या कांकणाला आरसा कशाला, उघडून बघू. त्यांनाही आतून उत्सुकता होती, नाही म्हणायला नको. शेवटच्या दिवशी स्वतः येतो म्हणाले.

ते पंधरा दिवस मी घरात सगळ्यांवर खेकसले. शेवटी सासूबाईंनी विचारलं, "तुला नेमकं काय हवंय गं? चूक सापडायला हवीय की न सापडायला?" एका बाईच्या हातून चूक व्हावी म्हणून मी देव पाण्यात घालून बसले होते. स्वतःची लाज वाटत होती आणि तरीही चूक हवीच होती.

पंधरा दिवसांत कामाचे दिवस बारा, रोज तीस घड्या, म्हणजे तीनशे साठ. उघडायला दोन दिवस धरले होते. पहिल्या दिवशी एकशे नव्वद उघडल्या. एकही चूक नाही. घडीवाले आधी खूश होते, ताईंचा हात म्हणजे हात! मग हळूहळू त्यांच्या लक्षात आलं की खूश व्हायचं नाहीये, तसा हॉल शांत झाला. ताई प्रत्येक टेबलाशी हात पाठीमागे बांधून उभ्या राहत होत्या. स्वतः एकाही घडीला त्यांनी हात लावला नाही.

दुसऱ्या दिवशी साहेब आले. कापडी मोज्यांत ते टेबलाटेबलांमधून जपून चालत होते आणि दर दहा मिनिटांनी मला विचारत होते, "किती झाल्या?" अडीचशे झाल्या, तीनशे झाल्या. बारा वाजून गेले. साहेबांचा चेहरा उजळत चालला होता. मी मनातल्या मनात सही करायला लागले होते.

तेवढ्यात लांबू थांबला. त्याची बोटं दोऱ्यांवर होती तिथेच राहिली. सकाळपासून त्याची टकळी चालू होती, ती बंद झाली म्हणूनच माझं लक्ष गेलं. त्याने पुन्हा पहिल्या दोरीपासून मोजलं. मग शेजारचं कार्ड बघितलं आणि ते उलटं करून ठेवलं. तो तसाच उभा राहिला, चांगला मिनिटभर.

"ताई," तो म्हणाला, "जरा बघा."

ताई आल्या. चष्मा चढवला, दोन बोटांनी दोऱ्या अलगद फाकवल्या. "सतरावी अठरावीवरून गेलीय," त्या म्हणाल्या. मग आणखी एकदा मोजलं आणि हात काढून घेतला.

"असं झालं तर काय होतं?" साहेबांनी विचारलं.

"बहुतेक वेळा उघडतं," लांबू म्हणाला.

"आणि बाकीच्या वेळा?"

लांबूने उलटं ठेवलेलं कार्ड सरळ केलं. साहेब त्यावर वाकले. "घडी कुणाची होती?"

"घडी कुणाचीही असू दे," ताई म्हणाल्या. "तपासली मी. सही माझी आहे."

साहेब माणूस वाईट नाही. त्यांनी मऊ आवाजात वाट काढून दिली, "ताई, सव्वीस वर्षांत एखादा दिवस होतो असा. बरं नसेल, घरी काही असेल. त्या दिवशी तुमचं लक्ष नसेल." ती वाट ताईंना सोडवणारी होती आणि साहेबांची बचतही.

ताईंनी कार्ड उचललं, तारीख बघितली. "मंगळवार. चांगली ठणठणीत होते. आणि लक्ष होतं, साहेब. या पंधरा दिवसांत जेवढं लक्ष दिलं तेवढं उभ्या जन्मात दिलं नाही. तरी सुटली." त्यांनी कार्ड टेबलावर ठेवलं. "म्हणूनच दुसरं माणूस लागतं. लक्ष नसतं म्हणून नाही लागत."

एकची घंटा झाली. सगळे आपापल्या टेबलाशी तसेच उभे. ताईंनी पदराने डोळे पुसले आणि खेकसल्या, "उभे काय राहिलात? जा, जेवून या. उरलेल्या दोननंतर. कामाच्या वेळेत."

ते गेले. आम्ही तिघं बाहेर आलो. मी डब्यातून पेन काढलं आणि फळीवर फॉर्म ठेवून लिहिलं, टिकलेली बचत: नाही. कारण खाली सविस्तर. सही केली. साहेबांनी कारणासकट सगळं वाचलं.

"दुसरी खुर्ची परत येईल," ते म्हणाले. "बैठकीत मी बोलेन. एक ते दोनबद्दल जे काही कलम असेल, तेही मी बघतो. ताई, खुर्चीवर कोण हवंय तुम्हाला?"

"लांबू."

"का?"

"खाली माझी सही बघून तो थांबला, तुम्ही बघितलंत ना? पण मग बोलला." ताईंनी आपला डबा उचलला, दोन पावलं गेल्या आणि माझ्याकडे वळल्या. "मॅडम, आकडे तुमचे. हजारात दोन धरले, तर तीन वर्षांत जेवणाच्या सुट्टीत आम्ही अशा किती पकडल्या असतील?"

हिशेब सोपा होता. दिवसाला तीस, वर्षाला साडेसात हजार, तीन वर्षांत साडेबावीस हजार.

"पंचेचाळीस," मी म्हणाले.

त्यांनी मान हलवली आणि त्या कॅन्टीनकडे चालायला लागल्या. साहेबांनी माझ्या हातून पेन घेतलं आणि माझ्या सहीखाली आपली सही केली.